टाकीचं वळण आणि आत्याची तीनचाकी

माझी आत्या मोटारसायकल चालवते आणि आतोबा मागे बसतात. लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे आणि नातेवाइकांनी त्यावर जेवढी नाकं मुरडायची तेवढी मुरडून झाली आहेत. आतोबांना जन्मापासून दिसत नाही. ते वेताच्या खुर्च्या विणतात. आत्या शाळा-ऑफिसांतून फाटक्या खुर्च्या गोळा करून आणते, आतोबा त्या विणतात, आणि पोचवायला दोघं मिळून जातात. गिऱ्हाइकाला आपल्यासमोर खुर्चीत बसवल्याशिवाय आतोबांना चैन पडत नाही. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहते, म्हणजे खालच्या भांडणांची मी हक्काची श्रोती.

"गाडी कोण चालवतं?" असं कुणी विचारलं की आतोबा ऐटीत सांगायचे, "आम्ही चालवतो."

लोकांना तो विनोद वाटायचा. आत्या लगेच दुरुस्ती करायची, "मी चालवते. हे बसतात."

पण त्यांना वळताना मागून पाहिलं असतं तर तुम्हालाही आतोबांचंच खरं वाटलं असतं. आत्या जराशी झुकली की ते तेवढेच झुकलेले असायचे, ना कमी ना जास्त. सगळा रस्ता त्यांना या झुकण्यावरून पाठ होता. डावीकडे थोडं झुकलं की बेकरी, मग उजवीकडे दोनदा झुकलं की पोस्ट. आणि पाण्याच्या टाकीपाशी उतारावर एक लांबलचक डावं वळण आहे, तिथे तर दोघं अशी झुकायची की बघणाऱ्याला वाटावं, आता आडवी होणार. त्या वळणावर आतोबा शीळ घालायचे. फक्त त्याच वळणावर.

गेल्या वर्षी आत्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना कानाच्या आतलं तोल सांभाळणारं जे काही असतं ते बिघडवून गेला. सरळ चालताना ती भिंतीकडे ओढली जायची आणि वर भिंतीवरच चिडायची. डॉक्टर म्हणाले, "दुचाकी आता विसरायची."

"आणि तीनचाकी?" आत्याने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "त्यावरूनही पडून दाखवलंत, तर ती बंद करू," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने आत्याच्याच गाडीचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकं बसवली आणि त्यांच्या मधोमध खुर्च्यांसाठी लोखंडी कॅरिअर लावला. पुढून गाडी तीच जुनी, मागून मात्र कुणा दुसऱ्याचीच. पूर्वी आतोबा दोन खुर्च्या दोन्ही खांद्यांना अडकवून बसायचे, आता चार खुर्च्या मागे आरामात राहणार होत्या. आत्या खूश होऊन गाडीवर बसली, गॅरेजच्या अंगणात वेग घेतला, डावीकडे वळायला गेली आणि उजवीकडे रचलेल्या टायरांच्या ढिगात जाऊन थांबली.

त्यात तिची काही चूक नव्हती. मोटारसायकल वेगात असली की डावीकडे जाण्यासाठी डावा हात हलकाच पुढे रेटायचा असतो, मग गाडी आपोआप डावीकडे झुकते आणि वळते. हे ती इतकी वर्षं नकळत करत आली होती. तीनचाकी झुकतच नाही. डावा हात रेटला की हँडल उजवीकडे फिरतं आणि गाडी मुकाट उजवीकडे जाते. "हिला सवयच नाही माझी," असं आत्या गाडीबद्दल म्हणाली, स्वतःबद्दल नाही.

पुढचे दिवस फार मजेचे गेले, म्हणजे माझे. सिग्नलला थांबताना आत्याने सवयीने पाय खाली टेकवला आणि मागचं चाक तिच्या टाचेवर चढलं. घरी येऊन गाडी उभी करताना ती स्टँडसाठी हवेत लाथा मारायची, स्टँड नव्हताच. पुढचं चाक खड्ड्याच्या बाजूने ऐटीत काढायची आणि मागचं एक चाक त्याच खड्ड्यात धाडकन उतरायचं. आमच्या फाटकाच्या दोन खांबांमध्ये ती अशी अडकली की आम्हाला मागून ओढावी लागली. शेजारी विचारू लागले, "भाडं किती घेता?" आत्या म्हणायची, "तोंड बघून ठरवते."

आतोबा मात्र हसत नव्हते. पहिल्या दिवशी गॅरेजवाला त्यांना म्हणाला होता, "काका, आता मागे झुकायबिकायचं नाही बरं का. निवांत बसायचं, सामानासारखं." बिचारा चांगल्या मनाने बोलला होता. आतोबा दोन-चारदा तसे ताठ बसून गेले, मग त्यांची पाठ धरायला लागली. मग काम जास्त आहे म्हणाले. मग म्हणाले, "तू ये जाऊन, मी इथेच बरा." आणि शेजाऱ्यांनी गाडीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "ती चालवते."

हे ऐकून मी चमकले. आत्याही चमकली असणार, कारण तिने दुरुस्ती केली नाही.

रात्रीची भांडी घासताना ती मला म्हणाली, "त्यांचा माझ्यावरचा भरवसा उडाला गं. माझा तोल गेला ना, आता माझ्यामागे बसायची त्यांना भीती वाटते. ते बसणार नसतील तर मला ही गाडी नको. महिनाअखेरीस विकून टाकते. गॅरेजवाल्याकडे गिऱ्हाईक आहे."

"मग खुर्च्या?"

"टेम्पो," ती म्हणाली, कडू औषधाचं नाव घ्यावं तशी, आणि एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिली. तिचे डोळे भरले होते.

मी तडक आतोबांच्या खोलीत गेले. ते टबात भिजलेल्या वेताची पट्टी बोटांनी निथळवत होते. समोरच्या खुर्चीचं आडवं-उभं विणून झालं होतं, तिरकं बाकी होतं.

"आत्याची भीती वाटते तुम्हाला?" मी विचारलं.

"तिची भीती लग्नाच्या आधीपासून वाटते," ते म्हणाले. मग हात थांबले. "मी इतकी वर्षं निम्मी गाडी चालवत होतो, पोरी. ती झुकली की कळायचं, कुठे आलो, ती घाईत आहे की खुशीत. आता काही कळत नाही. कॅरिअरवर चार खुर्च्या, त्यांच्या पुढे मी पाचवा. सामानाला कुणी बरोबर नेतं का? पोचवतं."

"मग तिला सांगा ना हे!"

"आधीच तिचं एवढं गेलं. त्यात माझं रडगाणं कशाला?"

दोघांनाही एकेक धपाटा घालावासा वाटला. पण एक आत्या, दुसरे आतोबा. वयाचा मान ठेवून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या चार खुर्च्या पोचवायच्या होत्या. आतोबांची पाठ धरलेलीच होती, म्हणून मागे मी बसले. टाकीचं वळण येईपर्यंत सगळं ठीक होतं. वळणावर गाडीने मला उजवीकडे ढकललं. मी घाबरून कॅरिअरची उजव्या बाजूची दांडी धरली आणि तिकडेच लटकले. आणि डाव्या बाजूचं चाक रस्ता सोडून वर उठलं. आत्याने वेग कमी केला, चाक दणकन खाली आलं, गाडी कडेला थांबली.

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू तिकडे कुठे निघाली होतीस?"

"गॅरेजवाल्याने झुकायचं नाही म्हणून सांगितलंय ना!"

"त्याने बाहेर लोंबकळायलाही सांगितलं नव्हतं!"

खुर्च्यांसह आम्ही घरी परत आलो. आतोबा दारातच उभे होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कुठलं चाक उठलं?"

"आतलं. डावं."

"आणि ही बाहेर?"

"अख्खी बाहेर," आत्या म्हणाली.

"म्हणजे आत कुणीतरी हवं होतं," आतोबा म्हणाले, आणि खुंटीवरचं हेल्मेट चाचपून डोक्यात घातलं. "चल. ही पोरगी तुला उलथी करेल."

"अहो, पण पाठ?"

"पाठीचं मी बघतो."

मी सायकल काढून मागोमाग निघाले. गाडी हळू चालली होती, त्यामुळे गाठता आली. बेकरीपाशी आतोबा चुकीच्या बाजूला झुकले, आत्या ओरडली, त्यांनी बाजू बदलली. पोस्टाकडे वळताना उशीर केला. पण टाकीपाशी गाडी डावीकडे वळू लागली, आणि आतोबा दोन्ही हातांनी दांडी धरून डावीकडे इतके बाहेर आले की त्यांचं डोकं चाकाच्याही पलीकडे गेलं. चाक रस्त्याला चिकटून राहिलं. आत्या ताठ बसून हँडल धरून होती, तिला त्या गाडीवर झुकून काही उपयोग नव्हता. झुकत होते ते एकटे. अर्ध्या वळणावर शीळ ऐकू आली. माझा जीव भांड्यात पडला.

शाळेच्या फाटकाशी मी धापा टाकत पोचले तेव्हा आतोबा आत्याला समजावत होते, "आता गाडी सगळं उलटं सांगते. डावीकडे वळली की मला उजवीकडे ढकलते. तिने ढकललं की आपण ऐकायचं नाही, उलट जायचं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तेवढं येतंच."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्यामागे बसायची भीती वाटते," आत्या म्हणाली.

"मला वाटलं, तुला माझी गरज उरली नाही."

आत्याने त्यांच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला, जो त्यांना स्वतःला चांगला सोडवता येतो.

शाळेचा शिपाई खुर्च्या उतरवायला आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "अरे वा, तीन चाकं! कोण चालवतं ही?"

"आम्ही चालवतो," आतोबा म्हणाले.

शिपाई हसला आणि दुरुस्तीसाठी आत्याकडे पाहू लागला. आत्या खुर्च्यांच्या दोऱ्या सोडत होती. तिने मान वर केली नाही.

"हो," ती म्हणाली. "दोघं लागतात."