दार ओलं आहे

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, रंगारी आहेत. तुरुंगाच्या चुन्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असे. बाहेरची समिती तपासणीला येणार असली की आदल्या दिवशी त्यांना निरोप यायचा. मी थट्टेने विचारायचे, सरकारला चुना लावून आलात का? त्यावर ते म्हणायचे, सरकारच्या सांगण्यावरूनच लावतो बाई. माणूस भित्रा. देवापुढेसुद्धा चारचौघांच्या मागे उभा राहणारा.

तुरुंगात शिक्षेची एक अंधारकोठडी होती. ती कायमची बंद केली असं मोठ्या साहेबांनी समितीला कळवलं होतं. त्या खेपेला भावजी गेले, तर तिच्या लाकडी दारावर फळी ठोकून ती भिंतीशी सारखी केलेली. साहेब म्हणाले, इथे दार होतं हे विसरायचं. समितीसमोर तोंड उघडलंत तर काम गेलं समजा.

भावजींनी कुंचला फिरवायला घेतला. वर, खाली. फळीपलीकडून तसंच कुणीतरी घासलं. वर, खाली. ते थांबले, तेही थांबलं. त्यांनी आडवा हात मारला, पलीकडेही आडवा आला.

पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, उंदीर असतील, इथले खाऊनपिऊन सुखी आहेत. उरलेली फळी भावजींनी चिंधीने, आवाज न करता पांढरी केली. पलीकडे कुणी वाट पाहत असल्यासारखं शांत होतं.

घरी ते ताटावरून तसेच उठले. बहिणीला म्हणाले, "उंदराला माझा हात कसा कळेल गं?"

ती म्हणाली, मग उद्या सांगून टाका. आणि खायचं काय, असं विचारून ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. समितीच्या प्रमुख एक बाई होत्या. कुठे डाग राहिला तर पुसायला म्हणून भावजी बादली-कुंचला घेऊन मागे. भिंत पाणी पिते, फळी पीत नाही, म्हणून तेवढाच चुना अजून ओला होता. बाई बोलता बोलता नेमक्या तिथेच टेकायला गेल्या, आणि जन्मभराच्या सवयीने भावजी बोलून गेले,

"टेकू नका बाई, दार ओलं आहे."

त्यांना भिंत म्हणायचं होतं. जिभेवर कोण येऊन बसलं, देव जाणे.

साहेब हसून म्हणाले, म्हातारा बरळतोय. बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठलं दार?"

भावजींनी कुंचल्याच्या दांड्याने फळीची कड दाखवली.

फळी निघाली, कुलूप निघालं. दाराशीच एक माणूस बसला होता. तळहात सोललेला, आणि तोच हात हवेत वरखाली चाललेला. बाईंनी नाव विचारलं, साहेबांनी दरडावलं, त्याचं लक्षच नव्हतं. भावजींचे चुन्याने माखलेले हात दिसले तसा तो थांबला. घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला,

"काल मधेच का थांबलात?"

त्याला इस्पितळात नेलं. तुरुंगाचं काम गेलं ते गेलंच. भावजी आता लोकांची घरं रंगवतात. पहिला हात मारून झाला की थोडं थांबतात, भिंतीला कान लावतात, आणि मगच दुसरा मारतात.