जावेचा फोन माझ्या घरात

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. लोक अंधारात माडाच्या झावळीला घाबरतात, मी त्या झावळ्या ओढत आणून चुलीत घालते. पण हे भुताचं नाही... इंटरनेटच्या पांढऱ्या डब्याचं आहे, म्हणून लिहिते.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना आमचं गाव. माझं आणि धाकट्या जावेचं, सुलभाचं घर एकाच छपराखाली. मधे चिऱ्याची भिंत. इंटरनेट तिच्याकडे आधी आलं. तिचा दिनेश मस्कतला. रोज दिवेलागणीला त्याचा व्हिडिओ कॉल – "आई, च्या घेतलंस?" मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. माझा मुलगा ठाण्यात. फोन का करत नाहीस विचारलं की म्हणायचा, "तुझ्याकडे रेंज नसते, फोनच लागत नाही."

म्हटलं, ही सबबच नको. त्याच कंपनीचं, त्याच खांबावरून कनेक्शन मागवलं. वायर जोडायला आमच्याच वाडीतला बाबल्या आला. डबा भिंतीवर बसवला, पण त्याचा एक दिवा लालच. तो ऑफिसला फोन करून सांगत होता, "सर, इकडून सगळं ओके आहे, तुम्ही अ‍ॅक्टिव्हेट करा ना!" बराच वेळ झाला, दिवा लालच.

आमच्याकडे होडी असो की पंप, नवी वस्तू देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय चालू करत नाहीत. मी डब्याखाली नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, ही वस्तू चलती कर. सुलभाच्या घरात जां येता, तां माज्या घरात येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या सवयीने बाबल्या बोलून गेला.

दिवा हिरवा झाला.

त्याच संध्याकाळी माझा फोन वाजला. समोर दिनेश. त्याच्याकडे माझा नंबरही नव्हता. "आई, च्या घेतलंस?"

"अरे, मी काकी!"

"गंमत करू नको गो आई." कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मला माझंच तोंड दिसत होतं. त्याला कोण दिसत होतं, देव जाणे. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी सांगायचं सोडलं. म्हटलं, "घेतलंय."

पलीकडे सुलभा फोन मांडीवर घेऊन बसलेली असायची. दोन-तीन दिवसांनी आली. "वयनी, दिनेशचो फोन येणा नाय. तुमच्या नेटवरून लावून बगूया?"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. तिने तो हिसकावलाच.

"काकी, तू?" दिनेश म्हणाला. "आई खंय?"

"अरे, मी तुजी आवस!"

"काय गो काकी! आई तुज्या पाठी उभी आसा ना."

तिच्या पाठी मी उभी होते.

सुलभा वळली. "वयनी, काय केलात?"

मी सांगून टाकलं. "तुका रोज येता, माका येणा नाय. देवाकडे मागलंय."

ती तडक घरी गेली, नारळ घेऊन आली आणि डब्याखाली ठेवला. "परत घाला गाऱ्हाणा. आत्ता."

मला घालवेना. माझा स्वतःचा मुलगा कधी च्या विचारत नाही. पण ती तिथून हलेना. शेवटी म्हटलं, "जेचा तेका जाऊ दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सुलभा अशी ओरडली की अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. दुसऱ्या संध्याकाळपासून फोन तिच्याकडे.

बाबल्याला विचारलं. म्हणाला, "काकी, कॉल नंबरावर येता. वायरीचो काय संबंध नाय." मग हळूच म्हणाला, "पण हेच्यापुढे मी कोणाकडे व्हय म्हाराजा म्हणूचंय नाय."

दिनेशला काय दिसत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. डब्याचा दिवा रोज हिरवा असतो, रेंज फुल आहे. माझा फोन तरी वाजत नाही... त्याचंही कारण कोणी सांगत नाही. दिवेलागणीला भिंतीपलीकडून येतं, "आई, च्या घेतलंस?"

सुलभाच्या आधी मी इकडून म्हणून टाकते, "घेतलंय."