खुर्ची पास झाली

आमचे व्याही लिफ्ट तपासणारे सरकारी साहेब होते. दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्टमध्ये लोखंडी वजनं चढवायची, वरखाली फिरवायची आणि उतरवायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. जेवढी माणसं न्यायची त्यांच्या सव्वापट वजन लिफ्टनं पेललं, की कागदावर शेरा पडायचा : पास. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर मात्र ते जिन्यानं येतात, धापा टाकत. एकदा मी भीत भीत म्हटलं, "व्याही, लिफ्ट चालू आहे की."

"असू दे. लिफ्ट कशा पास होतात ते मला ठाऊक आहे ना."

या माणसाविषयी खरं तर कुणी लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं. पण व्याही माझे पडले.

विहीणबाई गेल्यापासून ते पलीकडच्या गल्लीत एकटे राहतात. आठवडाभर त्यांच्या घरात फक्त घड्याळ बोलतं. रविवारी आमची सात वर्षांची नात तिथं जाते आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या उश्या, भांडी आणि व्याही, कुणालाही एका जागी बसू देत नाही. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. शनिवारी व्याही दाढी करतात ती तिच्यासाठी.

अशाच एका रविवारी भिंगरीनं मोबाइलवर कुणाला तरी उघडी छत्री धरून गच्चीवरून तरंगत उतरताना पाहिलं. मग आजोबांची छत्री घेऊन ती कपाटावर चढली आणि तिनं उडी मारली. छत्री उलटी झाली, पोर गादीवर पडली, नुसतं कोपर खरचटलं. पण माझी सून, म्हणजे व्याह्यांची लेक, भडकली.

"बाबा, तिला काय दाखवायचं ते आधी तुम्ही तपासायचं. पुन्हा ही पडली, तर रविवार बंद."

"अगं, पण पोरं पडायचीच."

"पण नाही नि बिण नाही. रविवार बंद म्हणजे बंद."

व्याह्यांचा चेहरा पार उतरला. लेकीचा स्वभाव त्यांना माहीत होता. तो त्यांच्याकडूनच तर गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. करामतींचे व्हिडिओ ते चष्मा लावून, थांबवून थांबवून बघत. दोर केवढा जाड आहे? खाली काय अंथरलंय? पडण्याच्या क्षणी चित्र का तुटतं? आगीचं, पाण्याचं, उंचीचं दिसलं की फटकन नापास. सुरुवातीला काम खरंच चोख होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. चुकलं ते माझ्या मुलाचं. त्यानं आमच्या इमारतीतल्या आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सासऱ्यांची कीर्ती गायली.

झालं! आईबाप जणू वाटच बघत होते. सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ येऊन पडू लागले. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचा फोन ठरलेला.

"साहेब, चिरंजीव घास गिळत नाहीयेत. तेवढा एक व्हिडिओ बघून टाका ना."

"तुम्ही बघितलात का, डॉक्टर?"

"मला कुठला वेळ? मी इकडे क्रिकेट बघतोय."

व्याही बघत आणि लिहीत : पास. खाली जोडलेल्या हातांची रांग लागे. एका बाईंनी तर लिहिलं, "आमच्या मुलीनं काल टीपॉय मोडला, पण व्हिडिओ साहेबांनी पास केला होता, म्हणून मी रागावले नाही." याला सगळ्यांनी पसंतीचे अंगठे दिले. पोराच्या हातात काय आहे हे बघण्याच्या त्रासातून सगळी इमारत सुटली होती. व्याहीही खुलले होते. निवृत्तीनंतर प्रथमच लोक त्यांच्या शेऱ्यासाठी ताटकळत होते. माणसाला आणखी काय लागतं?

मग तो रविवार आला. मी चहाला म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. भिंगरीनं त्यांच्यासमोर मोबाइल धरला.

"आप्पा, हा बघा ना! करू?"

व्हिडिओत एक तरुण खुर्चीवर चढत होता, तिच्या पाठीच्या कडेवर पाय ठेवत होता, खुर्ची हळूच मागे कलंडत होती आणि हा जिना उतरल्यासारखा ऐटीत जमिनीवर येत होता.

"थांब. तपासल्याशिवाय काही नाही," व्याही म्हणाले.

त्यांनी भिंगरीला वजनकाट्यावर उभं केलं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला नीट टेकवली. तिच्यावर बटाट्यांची पिशवी ठेवली, पाण्याचे कॅन ठेवले, वर इस्त्री ठेवली. भिंगरीच्या सव्वापट वजन झालं. खुर्ची हूं की चूं करीना. त्यांनी चारही पाय हलवून पाहिले, खाली वाकून सांधे पाहिले.

मला वाटलं, विचारावं, व्हिडिओत खुर्ची भिंतीला टेकवलेली नव्हती ना? पण इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला मी काय विचारणार! मी चहा प्यायलो.

"पास," व्याही म्हणाले. तेवढ्यात डॉक्टरांचा व्हिडिओ आला. व्याही आमच्याकडे पाठ करून तो तपासायला बसले. भिंगरीनं खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली.

आवाज आला तेव्हा व्याह्यांच्या बोटाखाली दुसरा 'पास' अर्धा लिहून झाला होता.

डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घेऊन आम्ही तिघं आमच्या घरी पोचलो तेव्हा सून दारातच उभी होती. व्याही गोंधळले होते. माणूस गोंधळला की नोकरीतलंच बोलतो.

"खुर्चीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मी बघून आलोय."

"खुर्चीला?" सून म्हणाली. पुढचं मी लिहीत नाही. शेवटचं वाक्य मात्र सगळ्या जिन्यानं ऐकलं, "रविवार बंद!"

दोन रविवार तसेच गेले. व्याह्यांनी दाढी केली नाही. मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. आम्ही दोघं घड्याळ ऐकायचो. ग्रुपवर मात्र व्हिडिओ येतच होते. भिंगरीच्या प्लास्टरवर सही करून गेलेले डॉक्टरच पुन्हा लिहिते झाले, "साहेब, वाईट वाटलं हो. बरं, हा जरा बघाल का? पोरगं ताटावर बसलंय."

व्याह्यांनी खूप वेळ लावून उत्तर टाइप केलं, "पोराला शेजारी घेऊन तुम्ही बघा. मला फक्त लिफ्ट तपासता येते."

दिवसभर ग्रुप गप्प होता. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, दुसरे कुणी साहेब माहीत आहेत का?

तिसऱ्या रविवारी ते आमच्याकडे आले, धापा टाकत, न बोलावता. सुनेनं दार उघडलं, पण ती दारातून हलली नाही.

"घरी नेत नाही," ते म्हणाले. "इथंच बसतो. तू समोर बस हवं तर."

ती बाजूला झाली. भिंगरीनं लगेच मोबाइल आणला. त्यात कुणी जिन्याच्या कठड्यावरून घसरत होतं. व्याही तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. मोबाइलचं तोंड तिच्याकडेच राहू दिलं आणि ते तिच्या पायांकडे बघत राहिले. पावलं अधीर झाली होती, बोटं फरशीवर नाचत होती.

"करावंसं वाटतंय?"

"हो."

"कुठे पडशील?"

भिंगरीनं विचार केला. "वळणावर. तो पण पडला असेल, आप्पा. तिथंच चित्र कापलंय."

"मग?"

"मग नको." जरा वेळानं, "प्लास्टर निघाल्यावर?"

"तेव्हा पुन्हा विचारीन."

सून स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "बाबा, तुमचा चष्मा कुठंय?"

व्याह्यांनी खिसे चाचपले. "घरी राहिला वाटतं."

"म्हणजे व्हिडिओ बघितलाच नाहीत?"

"नाही. हिला बघत होतो."

चष्म्याशिवाय हीसुद्धा त्यांना धड दिसत नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

सून येऊन लेकीशेजारी फरशीवर बसली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी ही तुमच्याकडे येईल. दुपारपर्यंत. आणि दाढी करून ठेवा, ती घाबरेल."

"तात्पुरता परवाना," व्याही मला हळूच म्हणाले. डोळे मात्र पाणावले होते.

निघताना भिंगरी त्यांना लिफ्टपर्यंत ओढत घेऊन गेली. "आप्पा, एकदा तरी लिफ्टनं जा ना. तुम्हीच पास केलीय ना?"

व्याह्यांनी दाराच्या जाळीतून खाली वाकून पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जिन्याकडे वळले.

"म्हणूनच," ते म्हणाले.