काकूंच्या दारातली मोरपंखी

कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी मॅडमनी बीजधारी वनस्पतींचे तीन नमुने मागितले होते. एक एकदल, एक द्विदल आणि एक अनावृतबीजी, तोही शंकूसकट. पहिल्या दोहोंची आमच्या सेनगावाकडच्या गोरेगावात काय कमी? ज्वारी एकदल. तूर द्विदल, भरडली की दोन दाळी सुट्या होतात. घोडं अडलं तिसऱ्यापाशी. अनावृतबीजी म्हणजे ज्यांना फूल नाही, फळ नाही, बी सगळं उघड्यावर. पुस्तकात चित्र होतं पाइनचं, आणि पाइन शोधायला सेनगावच्या जीपमध्ये बसून काही उपयोग नव्हता.

मग शेजारच्या काकूंची मोरपंखी आठवली, तीही अनावृतबीजीच. विद्या येते म्हणून गावातल्या पोरांनी तिची पानं पुस्तकांत घालून घालून तिला खालून पार बोडकं केलं होतं, आणि गणितात नापास व्हायचे ते झालेच. सकाळी गेले तर काकू कुऱ्हाड घेऊन तिच्यापुढे उभ्या. इतकी वर्षं पाणी घातलं, पण औंढ्याच्या नागनाथाला वाहायला हिने एक फूल दिलं नाही, म्हणाल्या. आता तिथे जास्वंद लावायची होती.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. झाड पडलं असतं, मी टोपलीभर शंकू घेऊन घरी आले असते. पण शिकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही. शिवाय झाडावरचा तो आळ मला खरंच सहन झाला नाही. ओट्यावर चढून मी पानांआडची शिंगं फुटलेली निळसर बोंडं, म्हणजे तिचे शंकू, दाखवली. एक वाळकं बोंड काकूंच्या हातावर झाडलं, तशा तांबूस बिया पडल्या. मग माझं व्याख्यान सुरू झालं. हे फार जुनं घराणं, जगात फुलं यायच्या आधीचं. जास्वंद तर कालची पोर.

काकूंनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "अन् मी हिला वांझ म्हणून राहिले व्हते," त्या हळूच म्हणाल्या. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांना मूल नव्हतं आणि हा शब्द त्यांनी उभ्या गावाकडून ऐकला होता, हे मला तेव्हा आठवलं. फार वाईट वाटलं.

तरी मी जिंकले होते. त्या भरात बोंडांची एक डहाळी तोडायला हात नेला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"लेकुरवाळी हाय ती. मार्कासाठी तिची लेकरं काहून तोडती गं?"

विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. काकू बधल्या नाहीत. हातावरच्या बियासुद्धा त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात पेरून टाकल्या. फोटो तेवढा काढू दिला, तोही लांबून.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचं कणीस आणि तुरीची शेंग टेबलावर ठेवली. तिसरा नमुना कुठे, मॅडमनी विचारलं. झाड लेकुरवाळं आहे, मालकीण तोडू देत नाही, असं मी खरं ते सांगितलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या नमुन्यापुढे शून्य मांडलं आणि रविवारी झाड बघायला आलं तर चालेल का, एवढं काकूंना विचारून ठेवायला सांगितलं.