सासऱ्यांची आडवी चढाई

समुद्राची इतकी जय्यत तयारी केलेला माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा सापडणार नाही, आणि ते नेमके माझेच सासरे निघावेत हे माझं नशीब. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांची चर्चा करतात. सासऱ्यांनी फोनवर कोकणातल्या समुद्रकाठच्या कातळांवरची चढाई पाहिली आणि ते मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या दगडी कुंपणाला जाऊन चिकटले. वर चढायचं नाही. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर राहून खेकड्यासारखं आडवं सरकत जायचं. नवशिक्यांनी अशीच सुरुवात करायची असते म्हणे. रोज सकाळी, मेट्रो पकडायला निघालेल्या साऱ्या जगासमोर, लेंगा खोचून हे आडवे निघत. "अंकलजी, चाबी गिर गई क्या?" गार्डनं विचारलं, तर भिंतीला गाल लावूनच उत्तर, "नहीं भाई, समंदर जा रहा हूँ." मी लॅपटॉपची बॅग तोंडापुढे धरून गेटबाहेर सटके. शेजारच्याच इमारतीतून आमच्याकडे जेवायला आले की बोटं बळकट करायला दाराच्या चौकटीला लोंबकळत. माझी बायको ओरडली की म्हणत, "पेन्शनरचं वजन ते काय, चौकट बिल्कुल पडत नाही!"

गेल्या हिवाळ्यात त्यांना कोकणात नेलं. ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावरची सगळ्यात सोपी वाट. "लहान मुलंही करतात, आजोबा," म्हणत शिकवणाऱ्या मुलीनं खाली गादी अंथरली. सासरे ऐटीत निघाले. कोपऱ्यावर मात्र अडकले. पुढे जाववेना, मागे येववेना, गादी इतकी जवळ असून उडीही मारवेना. रांगेतली मुलं खुदखुदली. सासऱ्यांचे कान लालबुंद झाले.

मी बूट काढून त्यांच्या मागोमाग चढलो, आणि त्यांच्याशेजारी पोचतो तोच मीही कातळाला घट्ट चिकटलो.

"लाज वाटते हो," ते पुटपुटले.

रोज सकाळी त्यांच्यापायी मला वाटणारी लाज आता त्यांच्याच तोंडून ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मलाही हलता येत नाहीये," मी म्हणालो.

त्यांनी हळूच मान वळवली. लग्नापासून मला अहो-जाहो करणारा तो माणूस एकदम म्हणाला, "घाबरलास होय रे? डावा पाय खाली टाक. खाच आहे तिथे. टाक बाळा, मी आहे ना."

मला एकेक खाच दाखवत तेही उतरले. वाळूवर आल्यावर दोघं एकमेकांकडे न बघता बराच वेळ कपडे झटकत राहिलो.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "तुम्ही चहा घेणार ना?"

घेतला. चहा चांगला होता. पण ते 'तुम्ही' फार लांबून आल्यासारखं वाटलं.