राणीचं नाक

अमेरिकेत विमानतळावर लेक सुनंदानं नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "बाबा, आईचा टाक आणलात?"

"केलाच नाही," मी म्हणालो.

पन्नास वर्षं लोकांच्या देव्हाऱ्यासाठी टाक (चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, पितर) केले. शेवंता जाऊन वर्ष झालं, तिचा होत नव्हता. हातोडी उचलायची आणि ठेवून द्यायची.

सुनंदाच्या गावी, अ‍ॅशबर्नला, घरं एकसारखी, रस्त्यावर माणूस नाही. चौथ्या दिवशी मी वैतागलो, तेव्हा सुनंदा मला जवळच्या हर्नडनला जुन्या नाण्यांच्या 'शो'ला (बाजारच तो) घेऊन गेली.

एका म्हाताऱ्या गोऱ्याकडे रोमन चांदीची नाणी होती, पावलीएवढी. पुढे राणी, मागे उभी बाई. सुनंदा वाचून सांगायची, "ही शालीनता. ही एकी. व्हर्च्यूज आहेत, बाबा. गुण."

त्यानं एक काळं पडलेलं नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं. दसऱ्याआधी टाक उजळतात तशी मी खिशातली विभूती लावून घासायला घेतलं. त्यानं माझं मनगटच धरलं.

"बाबा, पॉलिश नाही करायचं! दोन हजार वर्षांचा काळेपणा आहे तो."

मी ओशाळलो. हा माझाच धंदा, असं तिनं सांगितल्यावर त्यानं भिंग दिलं. नाकाला बाक, हनुवटीखाली मांस, केसांचा पेड न् पेड. नखाएवढ्या जागेत, हातोडीच्या घावानं.

"राणी वारल्यावर नवऱ्यानं पाडली ही नाणी," सुनंदानं त्याचं बोलणं सांगितलं. "राजा होता. वर्षानुवर्षं पाडत राहिला."

मी मात्र मेलेल्या प्रत्येक बाईला एकच गोल तोंड दिलं. ठसाच एक. शेवंताला त्यात कोंबायला हात धजत नव्हता, हे मला सातासमुद्रापार कळलं.

परतताना सुनंदानं विचारलं, "आईच्या टाकामागे कुठला गुण कोराल?"

"चार माणसांत मला उलटून बोलली नाही. घरी आल्यावर सोडलं नाही."

"याला एक शब्द सांगा."

"रोमन लोकांना विचार."

गावी आल्यावर ठसा बाजूला सारला आणि कोऱ्या पत्र्यावर बसलो. दोन पत्रे नाकाशी फाटले. तिसऱ्यावर ती आली, डावी भुवई चढवून, मला जेवायला उशीर झाला की बघायची तशी.

भटजी म्हणाले, "देवांत असं रागीट तोंड चालत नाही, काका."

म्हटलं, "मी चाळीस वर्षं चालवून घेतलं. देवांनाही सवय होईल."