धोंड्याचं जेवण आणि सोनेरी गरुड

माझ्या सासऱ्यांनी भर दुपारी, अंगणात, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत माझी इज्जत बादलीत बुडवली. आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर आभारी आहे.

मी मूळचा चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा आणि मी एकमेकांना कंटाळलो आणि एक पिशवी घेऊन मी नाशिकला आलो. अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागलो. इथे माझं म्हणावं असं कुत्रंही नव्हतं. अशा माणसाला दिंडोरी रस्त्यावर झेंडू आणि कोथिंबीर पिकवणाऱ्या आण्णांनी आपली थोरली मुलगी दिली! शिक्षण विचारलं नाही, घरदार विचारलं नाही. माझे दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "कामाचे हात हायेत. चालंल."

एवढ्या विश्वासाची मला सवय नव्हती. तेव्हापासून मी सतत घाबरलेलाच असतो. न जाणो, आण्णांना वाटायचं की पंजे बघण्यात आपली चूक झाली!

त्यात लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला. जावयाला ओवाळणार, अनारसे वाढणार, आळीतल्या बायका बघायला येणार. म्हटलं, आठवी नापास कपाळावर लिहिलेलं नसतं, पण रिकामं मनगट सगळ्यांना दिसतं. म्हणून फुटपाथवर छत्रीखाली बसणाऱ्या एका घड्याळवाल्याला गाठलं.

"फर्स्ट कॉपी आहे साहेब," तो म्हणाला. "खुद्द कंपनीवाला फसेल!"

पिवळाधमक पट्टा, निळी तबकडी आणि तबकडीवर पंख पसरलेला सोनेरी गरुड. घड्याळाबरोबर त्याने ते घालण्याची रीतही फुकट सांगितली. "किंमत आपणहून सांगायची नाय. कोणी विचारलीच तर नुसतं हसायचं. हात एका जागी जास्त वेळ ठेवायचा नाय. आणि घाम, पाणी अन् मोबाईलवर बघणारे नातेवाईक, तिघांपासून लांब!"

बायकोने, म्हणजे मनीषाने, ते पाहिलं आणि हात जोडले. "अहो, हे घालून येणार?"

"का? भारी दिसतंय की!"

"तुमच्या पगारात भारी दिसतंय, तीच तर भीती आहे."

(बायकोचं ऐकलं असतं तर हा मजकूर लिहावा लागला नसता. असो.)

सासूबाईंनी पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. निरांजनाचं ताट फिरायला लागलं आणि त्या उजेडात माझं मनगट असं काही चमकलं की शेजारच्या यमुनाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. "अगं बया! जावयाच्या हातात काय सूर्य बांधलाय का?"

"दाजी, बघू बघू!" माझी मेहुणी स्वाती मोबाईल घेऊन पुढे आली. पोरगी कॉलेजात शिकते, तिला सगळं मोबाईलमध्ये सापडतं. तिने गरुडाचा फोटो काढला, बोट फिरवलं आणि किंचाळली, "आण्णा! आठ लाख!"

ताट फिरायचं थांबलं.

"किती?" आण्णांनी विचारलं.

"आठ. लाख. दाजी, खरंच?"

घड्याळवाल्याने सांगितलं होतं, विचारलं तर नुसतं हसायचं. मी हसलो!

तिथून पुढे सगळं बिघडत गेलं. जेवताना मला अनारशावर अनारसा वाढत होते, पण असा, की पोलीस येण्याआधी बिचाऱ्याला पोटभर खाऊ द्या. सासूबाई एकदा हातात छोटं खोकं घेऊन बाहेर आल्या, माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि खोकं पदराखाली लपवून परत आत गेल्या. आत मनीषाची उलटतपासणी चाललेली मला ऐकू येत होती. "खरं सांग, काय धंदे करतो त्यो?" मनीषा रडवेल्या आवाजात म्हणत होती, "आई, फुटपाथवरचं आहे गं ते!" आणि सासूबाई म्हणत होत्या, "तू गप. नवऱ्याचीच बाजू घेणार तू!"

आण्णांनी मला गोठ्यामागे नेलं. खांद्यावर हात ठेवला.

"पाव्हणं, रागावू नगा. कंपनीतून तांबं-पितळ बाहेर जातं म्हणत्यात. तसलं काय असंल तर आत्ताच सांगा. म्या जमिनीचा तुकडा इकून भरून देतो. पन पोरीला तोंड लपवायची येळ आनू नगा."

हा माणूस मला चोर समजत होता, आणि तरीही माझ्यासाठी जमीन विकायला निघाला होता! घाबरलो की माझी गावाकडची बोली आपोआप सुटते. "नाही जी आण्णा! डुप्लिकेट हाय जी थे! मी काही नाही चोरलं बावा!"

आण्णांनी मान हलवली. "घावल्यावर समदेच असं म्हनत्यात."

आता झाली का पंचाईत! आयुष्यात पहिल्यांदा मी छातीठोकपणे खरं बोलत होतो आणि पुरावा मागितला जात होता खोटेपणाचा! मी घड्याळ काढून अंगणात सगळ्यांसमोर धरलं. "बघा, वजन बघा! काच बघा!" यमुनाबाईंनी हातात तोललं. "लय जड हाय. असली वाटतंय." घड्याळवाल्याने आत काय भरलं होतं देव जाणे.

शेवटी स्वातीनेच वाट काढली. "आण्णा, इथे लिहिलंय. ओरिजिनल घड्याळ शंभर मीटर खोल पाण्यात गेलं तरी बंद पडत नाही. डुप्लिकेट असेल तर लगेच पडेल."

"मंग टाका हिरीत!"

"आण्णा, आपल्या विहिरीत सध्या गुडघाभर पाणी आहे."

बादली आली. मी गरुडाला पाण्यात सोडलं. सगळं घर बादलीभोवती वाकलं. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "देवा खंडेराया, बंद पडू दे! जावयाचं घड्याळ बंद पडू दे! नारळ वाढवीन!"

आता या घड्याळाची एक खासियत सांगायला हवी. घेतल्यापासून ते एकही दिवस धड चाललं नव्हतं. सकाळी आपटावं तेव्हा जागं व्हायचं, जेवणाच्या सुट्टीत पुन्हा झोपायचं. त्याच घड्याळाला पाण्यात पडल्या पडल्या काय झालं कोण जाणे, सेकंदकाटा असा तुरुतुरु पळायला लागला, जसा काही मासाच!

"चालतंय की!" यमुनाबाई.

"अजून चालतंय!" स्वाती.

सासूबाई मटकन ओट्यावर बसल्या. आण्णांनी टोपी काढून घाम पुसला आणि पलीकडच्या वावराकडे असं पाहिलं, की कुठला तुकडा विकायचा ते मला दिसलं. मी बादलीजवळ गुडघे टेकून त्या गरुडाला विनवायला लागलो, "बंद पड ना रे बाबा! एरवी पडतोसच की!"

मनीषा पुढे आली. तिने बादलीत हात घातला, घड्याळ उचललं, मी रोज सकाळी आपटतो तसं बादलीच्या काठावर खाडकन आपटलं आणि पुन्हा पाण्यात टाकलं.

बुळूक!

एक बुडबुडा आला. मग दुसरा. आतली निळी तबकडी पाघळून पाणी निळं झालं. काटा थांबला. काच सुटली आणि सोनेरी गरुड तबकडीवरून उठून, तरंगत तरंगत वर येऊन पाण्यावर आडवा झाला. कागदाचा होता!

मग आण्णांनी टोपी हवेत उडवली. "खोटं हाय! आगं, खोटं हाय! जावई चोर नाय, नुसता येडा हाय!"

सासूबाई रडत रडत अनारसे वाटायला लागल्या. यमुनाबाईंनी दोन घेतले आणि म्हणाल्या, "म्या तर पयल्यापासून म्हनत व्हते. ह्याच्या तोंडाकडं बघूनच कळतंय, ह्याला चोरी जमायची नाय!" (असा गौरव माझा शाळेतही कधी झाला नव्हता.)

मग पदराखालचं ते खोकं बाहेर आलं. आत एक साधं, काळ्या पट्ट्याचं, खरंखुरं घड्याळ होतं. "तुमच्या हातात त्ये आठ लाखाचं," सासूबाई म्हणाल्या, "मंग ह्ये कसं दावावं? लाज वाटली बघा."

लाज त्यांना वाटली! मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. आण्णांनी माझं मनगट हातात घेतलं. घामाने तिथे पट्ट्याचं हिरवंगार कडं उमटलं होतं. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने घासून पुसलं, नवं घड्याळ बांधलं आणि पुन्हा एकदा माझा पंजा उलटसुलट करून पाहिला.

"हात कामाचेच हायेत," ते म्हणाले. "डोक्याचं बघू हळूहळू."

आता तिकडे गेलो की कोणाला माझी भीती वाटत नाही, आणि मलाही कोणाची वाटत नाही. दिंडोरी रस्त्याला एकापेक्षा एक शिकलेले जावई येतात, पण बादलीत बुडवून पारखून घेतलेला मी एकटाच. आणि पारखून निघालं काय? माल अस्सल आहे, फक्त अधूनमधून आपटावा लागतो!